मराठवाड्यात पाणलावा शोधायचा कसा: जमीन वाचण्यापासून पक्षी दिसेपर्यंत

नाथसागराच्या काठावर हिवाळ्यात दुर्बीण घेऊन उभी राहणारी बहुतेक मंडळी पाण्याकडे तोंड करून उभी असतात. बदकं दिसतात, रोहित दिसतात, शेकाटे दिसतात. पाणलावा म्हणजे स्नाइप मात्र यादीत येत नाही. तो बहुतेक वेळा त्यांच्या पाठीमागे, पाणी सरकून गेलेल्या ओल्या गवतात दबून बसलेला असतो. नवख्याने सगळ्यात आधी हेच बदलायचं: पाणी बघणं कमी करायचं आणि चिखल बघायला शिकायचं. हा सगळा लेख त्या चिखलाबद्दलच आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट असू द्या. पाणलावा आणि त्याचा जंगलातला भाऊबंद वुडकॉक यांची जगातल्या अनेक देशांत हंगामात परवाना घेऊन शिकार होते. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ती गुन्हा आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत ‘शिकार’ म्हणजे फक्त मारणं नाही. पकडणं, फासा लावणं, हाकून काढणं, आमिष दाखवणं, अंड्यांना आणि घरट्यांना त्रास देणं, हे सगळं त्यात येतं. म्हणून इथे सांगितलेलं सगळं दुर्बिणीसाठी आहे. जुन्या शिकाऱ्यांकडून घ्यायचं ते एकच कसब, जमीन वाचण्याचं. ते कसब आलं की बंदुकीची गरजही उरत नाही.

वुडकॉकचं नाव निघालंच आहे तर तेही उरकून घेऊ. तो हिमालयात वीण घालतो आणि हिवाळ्यात हिमालयाच्या खालच्या रांगांत, तसाच दक्षिणेत निलगिरी आणि सह्याद्रीच्या दमट रानात उतरतो. मराठवाड्याच्या उघड्या माळावर आणि तळ्याकाठी तो शोधू नका. ‘वुडकॉक दिसला’ असं कुणी म्हणालं तर डोक्यावरचे पट्टे विचारा. वुडकॉकच्या डोक्यावर काळे पट्टे आडवे असतात, पाणलाव्याच्या डोक्यावर उभे, म्हणजे चोचीकडून मानेकडे जाणारे. आपल्याकडे उत्तर जवळजवळ नेहमी ‘उभे’ असंच येतं.

चोच समजली की जागा समजते

साधा पाणलावा लांबीला साधारण २५ ते २७ सेंमी, वजनाला शंभर ग्रॅमच्या आसपास. त्यातली ६ ते ७ सेंमी नुसती चोच. चोचीचं टोक मऊ आणि संवेदनशील असतं आणि चिखलात असतानाच वरच्या चोचीचं फक्त टोक उघडता येतं. गांडूळ किंवा अळी त्याला दिसत नाही, टोकाला जाणवते. भक्ष्य लहान असेल तर चोच बाहेर न काढताच तो ते गिळतो.

यावरून जागेच्या तीन अटी निघतात. जमीन चोचभर खोलीपर्यंत मऊ हवी. त्या थरात गांडुळं आणि अळ्या हव्यात, म्हणजे जमिनीत कुजलेलं काही हवं. आणि दिवसा दबून बसायला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत आडोसा हवा: लव्हाळा, हराळी, पाणकणसाची कड, कापणी झालेली धसकटं. तिन्हीतली एक जरी नसेल तर जागा सोडा. उघडा गुळगुळीत चिखल असेल तर तिथे धोबी आणि तुतवार फिरतील. डोक्याएवढं दाट पाणकणीस असेल तर आतली जमीन त्याच्या कामाची नाही, फक्त बाहेरची कड कामाची.

काडीची परीक्षा

पेन्सिलीच्या जाडीची सरळ काडी घ्या आणि टोकापासून ७ सेंमीवर खूण करा. संशयित जागेच्या कडेला बसून ती दोन बोटांच्या जोरावर खाली दाबा.

खुणेपर्यंत सहज गेली आणि काढल्यावर भोक क्षणभर तसंच राहिलं, तर जागा उत्तम. भोक लगेच पाण्याने भरून मिटलं तर जमीन फार पातळ आहे. पाण्यापासून आणखी चार-पाच पावलं मागे सरका. काडी दोन-तीन सेंमीवर अडली तर पक्षी तिथून आधीच गेलेला आहे.

काळ्या जमिनीत ही परीक्षा फार महत्त्वाची, कारण ती माती डोळ्याला फसवते. वरून काळी, ओली दिसते, पण ऊन लागलं की वर साय धरावी तसा कडक थर येतो आणि मग भेगा पडतात. भेग पडलेली जमीन खाली ओली असली तरी चोचीला बंद झालेली असते. उलट मुरमाड बरडावर पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांत काही उरत नाही, आणि गोदावरीच्या पात्रातल्या निव्वळ वाळूत खाणंच कमी. म्हणून गाळ आणि काळी माती जिथे एकत्र साचते तिथेच वेळ द्या.

शेतकऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर वाफसा यायच्या आधीची जमीन हवी. ‘अजून वाफसा नाही, पाय रुततोय’ असं जिथे ऐकू येईल ती जमीन बघण्यासारखी. वाफसा येऊन ट्रॅक्टर आत गेला की पाणलावा पुढच्या ओलीवर सरकलेला असतो.

मराठवाड्यातल्या जागा

पहिली आणि सगळ्यात चांगली जागा म्हणजे धरणांच्या फुगवट्याची गाळपेर. पैठणचा नाथसागर (जायकवाडी धरणाचा जलाशय), माजलगाव, मांजरा, निम्न तेरणा, निम्न दुधना, सिद्धेश्वर, येलदरी, नांदेडजवळचं विष्णुपुरी, सगळीकडे तत्त्व एकच. पावसाळ्यानंतर पाणी उतरू लागतं, मागे गाळाचा पट्टा उघडा पडतो, त्यावर गवत येतं किंवा लोक हरभरा, गहू पेरतात. पाणी आणि पेरलेलं रान यांच्या मधला जो पट्टा अजून पेरण्याजोगा झालेला नाही, तो आपला. काठ जितका सपाट तितका हा पट्टा रुंद. म्हणून भिंतीजवळचा खोल भाग सोडून वरच्या अंगाला, नदी-ओढे जिथे जलाशयात उतरतात तिथे जा. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. त्याच्या हद्दीत जायचं तर वन विभागाची परवानगी आधी घ्या.

दुसरी जागा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: पाझर तलावाच्या बांधाखालचा पाझर. तलावाच्या पाण्यात काही नसलं तरी बांधाच्या बाहेरच्या पायथ्याला, सांड्याच्या बाजूने झिरपणाऱ्या पाण्यावर लव्हाळ्याची एक पट्टी हिरवी राहते. ती कधी कधी बैलगाडीच्या रुंदीची असते, पण ओल महिनोन्‌महिने टिकते. अशा पट्टीत दोन-तीन पक्षी हिवाळाभर मुक्काम करू शकतात. गावागावात पाझर तलाव आहेत, त्यामुळे लांब जायचीही गरज नाही.

तिसरी, कालव्यांची गळती. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांब आहे. त्यांच्या वितरिका आणि चाऱ्यांच्या कडेला चिबडलेली रानं जागोजाग आहेत. शेतकऱ्याला नकोशी झालेली, पीक पिवळं पडणारी, बेशरमीची झुडपं आलेली ही जमीन पाणलाव्याला फार मानवते. मात्र ती पाण्याच्या आवर्तनावर चालते. आवर्तन सुटल्यावर तीन-चार दिवसांनी जा. ऐन पाणी चालू असताना जमीन बुडालेली असते. उसाचा पट्टा जवळ असेल तर पाणी दिलेला खोडवाही लांबून बघून घ्या.

चौथी, गावाबाहेरचं गावतळं किंवा सांडपाण्याची दलदल. म्हशी डुंबतात, शेण पडतं, अळ्या मुबलक होतात. गुरांच्या खुरांनी गवत आखूड राहतं आणि खुरांच्या खड्ड्यांत ओल टिकते. दिसायला ओंगळ, पण पक्ष्याच्या दृष्टीने श्रीमंत.

काय टाळायचं तेही लक्षात ठेवा. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याला चिखलाची कडच नसते. जेसीबीने खोलीकरण झालेल्या नाल्याचे काठ उभे कापलेले असतात, तिथेही नाही. पाणी भरपूर आणि पाणलावा शून्य, याचं कारण बहुधा हे उभे काठ असतात.

घरी बसून चाळणी लावायची तर नकाशाच्या उपग्रह चित्रात जलाशयाभोवती हिरव्या-तपकिरी रंगाची रुंद कड शोधा. नेहमीच्या नकाशातलं चित्र कित्येक महिने जुनं असू शकतं, त्यामुळे पाण्याची कड आज कुठे आहे ते त्यावरून ठरवू नका. सेंटिनेल-२ उपग्रहांची ताजी चित्रं मोफत बघता येतात आणि ती साधारण पाच दिवसांच्या अंतराने येतात. पंधरा दिवसांच्या अंतराची दोन चित्रं शेजारी ठेवली की पाणी किती मागे सरलं ते कळतं. मधला पट्टा, तीच तुमची जागा.

महिना आणि जागा

पाणलावे ऑगस्टच्या अखेरीपासून उतरायला लागतात. आधी पिनटेल (पाणलाव्याचीच एक जात, त्या नावाचं बदक नव्हे), मग सप्टेंबर-ऑक्टोबरात साधे. पण त्या दिवसांत सगळा मुलूखच ओला असतो, पक्षी पांगलेले असतात, नवख्याच्या हाती फार लागत नाही. निराश होऊन सोडून देऊ नका. नोव्हेंबरच्या मध्यापासून वगळी, डबकी आटतात आणि पक्षी उरलेल्या ओलीवर गोळा होतात. डिसेंबर आणि जानेवारी हे शिकण्याचे खरे महिने. फेब्रुवारीत गाळपेरीचा पट्टा पाण्याबरोबर पार आत सरकतो, तेव्हा पाझर आणि कालव्याकडे वळा. मार्चअखेर बहुतेक परतीला लागतात, थोडे एप्रिलमध्येही सापडतात. कमी पावसाच्या वर्षी हे सगळं महिनाभर आधी घडतं, असं धरून चाला.

पहिली फेरी दुपारी, खुणांसाठी

पहिल्या दिवशी पक्षी बघायचाच नाही असं ठरवून जा. दुपारी पाणलावे दबून असतात, खाणं सकाळ-संध्याकाळ आणि रात्री चालतं. दुपारी कडेकडेने फिरून तीन खुणा शोधा.

भोकं: चिखलात पेन्सिलच्या टोकाने टोचल्यासारखी बारीक, गोल, झुपक्याने. एका जागी दहा-वीस, मग हातभर सोडून पुन्हा. खेकड्याचं बीळ याहून बरंच मोठं आणि तोंडाशी मातीचे गोळे असलेलं.

विष्ठा: पांढरे पातळ शिंतोडे, गवताच्या बुडख्याशी. ओले असतील तर ताजे. चुन्यासारखे वाळलेले असतील तर जागा जुनी.

पाऊल: पुढे तीन लांब, बारीक बोटं, मागचं बोट जेमतेम टेकलेलं. ढोकरीच्या पावलात मागचं बोट लांब उमटतं, तेवढ्यावर फरक कळतो.

तिन्ही ताज्या असतील तर बांधावर बसायची जागा हेरा आणि मागे फिरा.

संध्याकाळची बैठक

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आत मावळतो. साडेपाचला जागेवर बसलेले असा. पाठ बांधाला, तोंड पश्चिमेच्या उजळ आभाळाकडे, म्हणजे येणारे पक्षी काळ्या आकृतीसारखे स्पष्ट दिसतील. सूर्य बुडाल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं मोलाची. दिवसाच्या विश्रांतीच्या जागेवरून पक्षी एकेकटे किंवा दोन-चारांनी खाण्याच्या चिखलावर येतात. आधी आवाज येतो, घोगरा, कापड फाडल्यासारखा ‘स्केप’. मग लांब चोच खाली झुकलेली आकृती. कोण कुठे उतरला ते मनात टिपा. सकाळी तिथेच बघायचं आहे. टॉर्च मारू नका.

सकाळी, उजेडात

आता उलट: सूर्य पाठीशी घ्या. ८×४२ ची दुर्बीण पुरते; जास्त ताकदीची हातात हलते. बांध सोडून चिखलात उतरू नका. पाणलाव्याचे डोळे डोक्यात मागे आणि वर असतात, त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, त्यामुळे मागून गुपचूप जाणं ही कल्पनाच चुकीची. त्याने तुम्हाला आधीच पाहिलेलं असतं, आणि न हलणं हा त्याचा बचाव असतो.

समोरच्या रानाचे खाटेएवढे चौकोन मनात पाडा आणि प्रत्येकावर अर्धा मिनिट थांबा. पूर्ण पक्षी शोधू नका. वाळल्या काडीच्या रंगाच्या दोन समांतर रेघा शोधा. त्या पाठीवरच्या असतात. किंवा डोळ्यातून गेलेली गडद रेघ. गवताची वाळली पाती वेडीवाकडी असतात, ह्या रेघा फार नेटक्या असतात, तिथेच डोळा अडतो. एक सापडला की तिथून हलू नका, पाच मिनिटांत शेजारी दुसरा दिसतो.

दलदली भोवत्या (मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी) रानावर घिरट्या घालू लागला तर दुर्बीण तयार ठेवा. त्याच्या धाकाने पाणलावे आपणहून उठतात आणि तुम्हाला एकही पाऊल न टाकता उडतानाच्या खुणा बघायला मिळतात.

कोणता पाणलावा?

साधा पाणलावा उठतो तोच घोगरं ओरडत आणि नागमोडी वळणं घेत, मग उंच चढून लांब जातो. पंखाच्या मागच्या कडेला पांढरी रेघ स्पष्ट दिसते. पिनटेलचं उडणं जास्त सरळ, आवाज आखूड, पंखाची मागची पांढरी कड जवळजवळ नाही, पंखाखालची बाजू गडद, आणि पाय शेपटीच्या बरेच बाहेर येतात. तो जरा सुक्या जागेवरही चालवून घेतो. धसकटात, गवताच्या कडेला दिसला तर आधी पिनटेलचा विचार करा. त्याच्या शेपटीची बाहेरची पिसं टाचणीसारखी बारीक असतात, नावही त्यावरूनच, पण ती बसलेल्या पक्ष्यात दिसणं कठीण. खात्री नसेल तर वहीत ‘साधा किंवा पिनटेल’ असंच लिहा. ह्या दोघांत अनुभवी माणसंही असंच लिहितात.

जॅक स्नाइप सगळ्यात लहान, १७ ते १९ सेंमी, चोच जेमतेम ४ सेंमी. डोक्याच्या मधोमध फिकट रेघ नसते. अगदी पायाशी येईपर्यंत उठत नाही, उठला तर बहुधा आवाज न करता, आणि थोड्याच अंतरावर पुन्हा बसतो. खाताना सगळं अंग खालीवर हलवतो. एवढं दिसलं तर शंका नको.

रंगीत पाणलावा या तिघांच्या कुळातला नाही, आणि तो पाहुणाही नाही. वर्षभर इथेच असतो. डोळ्याभोवती चष्म्यासारखी फिकट कड, खांद्यावरून पोटाकडे जाणारा पांढरा पट्टा. मादी नरापेक्षा ठळक, मान विटकरी. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. उडतो संथ, पाय लोंबते ठेवून. हा पक्षी पावसाळ्यात किंवा नंतर गवतात एकाच जागी घुटमळताना दिसला तर घरटं किंवा पिल्लं जवळ आहेत असं समजून लगेच मागे सरका, फोटोसाठीही थांबू नका.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पक्षी उठवत चालणं. एकदा उठलेला पाणलावा दूर जातो, दुसऱ्यांदा उठवला तर ती जागाच सोडतो. ओली जागा तालुक्यात मोजकी उरलेली असताना त्याला तिथून हाकलणं म्हणजे उपासमार. कुत्रा सोबत नेऊ नका. चुकून उठला तर तिथेच थांबा, बरेचदा तो मोठा फेरा घेऊन परत जवळपास उतरतो.

दुसरी चूक, टिटवीकडे दुर्लक्ष. टिटवी ओरडायला लागली की सगळं रान सावध होतं. ती शांत होईपर्यंत बसून राहा, दहा-पंधरा मिनिटं गेली तरी चालतील.

जिवाला धोके खरे आहेत. जलाशयाच्या गाळात वरून कडक दिसणारी कड मांडीपर्यंत रुतवते. पाच फुटांची काठी पुढे टोचल्याशिवाय पाऊल टाकू नका, आणि एकटे जाऊ नका. फुगवट्याच्या काठाला पाणबुडी मोटारींच्या केबली पाण्यातून, चिखलातून गेलेल्या असतात. त्या ओलांडू नका, हात लावू नका. रानडुकरांसाठी पिकाभोवती तारेत करंट सोडलेला असू शकतो, म्हणून पहाटे अंधारात शेतातून वाट काढायची नाही. बांधाच्या गवतात घोणस असते. गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेतच.

आणि शेत कुणाचं तरी आहे. ‘राम राम काका, पक्षी बघायला आलोय, धुऱ्यावरून जाऊ का?’ एवढं विचारलं की बहुतेक जण वाटही दाखवतात आणि ओल कुठे आहे तेही सांगतात. मेंढपाळ आणि मासेमारी करणारे भोई यांना रोजची पाण्याची कड पाठ असते. त्यांना ‘पाणलावा’ विचारू नका, ‘गवतातून एकदम ओरडत उठणारा लांब चोचीचा पक्षी’ असं विचारा, उत्तर नेमकं मिळेल.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, जागा, पक्ष्यांची संख्या हे सगळेच लिहितात. त्यापुढे चार गोष्टी लिहा: पाण्याच्या कडेपासूनचं अंतर पावलांत, काडी किती सेंमी गेली, गवताची उंची, आणि पाणी कुठून येतं, पाझर, आवर्तन की फुगवटा. तीच जागा दर पंधरा दिवसांनी बघितली तर एका हिवाळ्यात पट्टा कसा सरकतो ते आकड्यांत दिसतं, आणि पुढच्या वर्षी कुठल्या आठवड्यात कुठे जायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येतं. दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत भाग घेणार असाल तर ह्या नोंदी फार उपयोगी पडतात, कारण दबून बसणारे पाणलावे त्या मोजणीत सहज निसटतात. नोंद सार्वजनिक करताना लहान पाझराचं नेमकं ठिकाण देऊ नका, तालुका पुरेसा आहे.

गवतात घोड्याच्या केसांचे किंवा नायलॉनचे फासे, दोन काठ्यांमध्ये ताणलेलं बारीक जाळं दिसलं तर स्वतः उचलू नका. फोटो काढा, जागेचं लोकेशन घ्या आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. कळवताना गावाचं नाव, गट नंबर माहीत असल्यास तो, आणि जवळची खूण सांगा, म्हणजे वनरक्षकाला संध्याकाळच्या आत पोहोचता येतं.